उलटा ससा

इथे सप्टेंबर म्हणजे धूळ.
मका काढून चार महिने झाले,
कणग्यांचा तळ दिसू लागलाय,
आणि दवाखान्याच्या भिंतीवर, संपत आलेल्या औषधांच्या यादीशेजारी,
माझ्या कॅलेंडरात पेन्सिलीचं एक बारीक वर्तुळ :
आठव्या महिन्याची पौर्णिमा. चुसॉक.

अकरा वर्षं मी हे वर्तुळ काढते
आणि कुणाला सांगत नाही.

या वर्षी सांगून बसले.
फायनेसने लगेच विचारलं, "खायला काय करतात?"

मग चिल्वा तळ्याकाठचा तांदूळ आला, रात्रभर भिजला.
सकाळी अंगणातल्या उखळात
एस्नाथ आणि तिची सून मुसळं घालू लागल्या,
एक वर, एक खाली.
मी मध्ये घुसले तर ताल चुकला.
"सिस्टर, तू आपली इंजेक्शनंच दे."

तीळ मिळाले नाहीत. शेंगदाण्याचं कूट घेतलं.
मध मिळाला, मेणासकट, दोन मेलेल्या माश्यांसकट.
पाइनच्या सुया मात्र अस्सल :
झोंबाच्या डोंगरावरून सायकलवाल्या मकुवांग्वालाने
पोतंभर आणल्या, आणि जाईना,
या बाईला सुया कशाला हव्यात ते बघायला थांबला.
त्यांच्यावर वाफवायला ठेवलं
आणि झाकणाखालून नामवनचं स्वयंपाकघर बाहेर आलं.
मी चष्मा पुसला.
वाफ, म्हटलं.

आमच्याकडे म्हणतात,
जिची मुरड सुबक, तिची लेक देखणी.
हे मी सांगायला नको होतं.
माझे सगळे अर्धचंद्र फुटले, कूट बाहेर.
एस्नाथने तिचे न बोलता माझ्या ताटात सरकवले.

रात्री पोरं अंगणात.
"चंद्रात ससा असतो, तांदूळ कांडतो,"
मी म्हणाले, आणि वर पाहिलं :
विषुववृत्ताच्या या बाजूला ससा डोक्यावर उभा,
उखळ उपडं,
तांदूळ सांडून गेलेला.
"ससा कुठला?" धाकटा तमांडा म्हणाला,
"ती बाई आहे. मोळी घेऊन घरी निघालीय.
तिला उशीर झालाय."

आमच्या घरी या दिवशी पूर्वजांचं पान मांडत.
बाप्तिस्मा घेतला त्या वर्षापासून मी वाकले नाही.
वडील रागावले नाहीत.
माझी चटई फक्त गुंडाळून ठेवली
आणि पुढे कधी अंथरली नाही.
ते गेले तेव्हा इथे नदीला पूर होता, टॉवर पडलेला.
निरोप नवव्या दिवशी आला.

आणि मी इथे काय शिकवलं?
म्सोलोच्या झाडाखाली पीठ ठेवू नका.
गेलेली माणसं जेवत नाहीत.
एस्नाथने ऐकलं.
तिची थोरली बाळंतपणात गेली,
माझ्याच हातांखाली गेली,
त्या वर्षीसुद्धा तिने चिमूटभर पीठ ठेवलं नाही.

सगळे पांगल्यावर मी एक अर्धचंद्र बशीत घेतला,
न फुटलेला, म्हणजे एस्नाथचा,
आणि ईशान्येच्या खिडकीत ठेवला.
वाकले नाही. नाव घेतलं नाही.
नुसता ठेवला.

पातेलं न्यायला एस्नाथ परत आली.
तिने बशी पाहिली.
मग माझ्याकडे पाहिलं.
उत्तर माझ्या तोंडात तयार होतं : उद्याच्या न्याहारीला.
"झाकून ठेव," ती म्हणाली, "मुंग्या लागतील."

सुपात मूठभर पीठ उरलं होतं.
ते तिने माझ्यासमोर चितेंजेच्या टोकात घेतलं,
गाठ मारली, दातांनी आवळली.
मी विचारलं नाही.

ती पायवाटेने वस्तीकडे वळली नाही.
ज्या बाजूला गेली, तिकडे घर नाही कुणाचं,
ते झाड आहे.
चांदणं इतकं होतं की बराच वेळ
तिची पाठ दिसत राहिली.